मदत हवी आहे : जावा प्रोग्रामरची नोकरी सोडून व्हिडिओ गेम विकासाकडे वळावे का? (ठाणे)

नमस्कार.

मी ठाण्यात राहते, वय २८, आणि ऐरोलीच्या एका आयटी पार्कमध्ये साडेपाच वर्षांपासून बँकांच्या सॉफ्टवेअरवर जावा प्रोग्रामर म्हणून काम करते. गेली दीड वर्षे रात्री आणि शनिवार-रविवारी मी एकटीने एक छोटा मोबाइल गेम तयार करीत आहे. या क्षेत्रात पूर्णवेळ यावे की नाही, आणि यायचे तर कोणत्या दाराने, हे मला मार्चपूर्वी ठरवावे लागेल, कारण मार्चमध्ये माझा सध्याचा प्रकल्प संपतो आणि नव्या प्रकल्पावर नाव लागले की दोन वर्षे हलता येत नाही, असा आमच्याकडचा शिरस्ता आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. ‘आधी काम दाखवा, मग बोलू’ असे उत्तर येणार हे गृहीत धरून कामापासूनच सुरुवात करते.

गेमचे नाव ‘चौथी सीट’. संध्याकाळी दादरला जलद लोकलच्या महिला डब्यात चढायचे आणि कल्याणपर्यंत जायचे. बसलेल्या बायकांना ‘कुठे उतरणार?’ असे विचारायचे, कोण घाटकोपर म्हणाली, कोण ठाणे म्हणाली हे लक्षात ठेवायचे, आणि जागा रिकामी होईल तेव्हा नेमके तिथे उभे असायचे, एवढाच खेळ आहे. काही जणींनी आपली जागा आधीच दुसरीला सांगून ठेवलेली असते, काही जणी ठाणे सांगून डोंबिवलीपर्यंत बसून राहतात, आणि तिघींच्या बाकावर चौथी म्हणून टेकायला मिळेल की नाही, हे आपण आधी कशा वागलो यावर ठरते. दारात कुणाला उतरायला वाट दिली असेल, तर डबा ते लक्षात ठेवतो. महाविद्यालयाची चार वर्षे मी हा खेळ रोज खेळलेली आहे, फक्त तेव्हा त्याला गेम म्हणत नव्हते.

गेम युनिटी या गेम बनवण्याच्या तयार सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे सी शार्प भाषेत लिहिला आहे. जावा येत असल्यामुळे भाषा पंधरा दिवसांत अंगवळणी पडली, पण विचार करण्याची पद्धत बदलायला सहा महिने लागले. पहिली आवृत्ती माझ्या लॅपटॉपवर व्यवस्थित चालली. मावसभावाच्या संगणकावर लावली तेव्हा मात्र घाटकोपर सुटते न सुटते तोच ठाणे आले. प्रत्येक फ्रेमला, म्हणजे पडद्यावर उमटणाऱ्या प्रत्येक चित्राला, गाडीने ठरावीक अंतर पुढे जावे, असे मी लिहिले होते. माझा पडदा सेकंदाला ६० फ्रेम दाखवणारा आणि त्याचा १४४ दाखवणारा, त्यामुळे त्याच्याकडे गाडी जवळजवळ अडीचपट वेगाने धावत होती. (हे तंत्र मध्य रेल्वेला कळवावे, असे माझ्या वडिलांचे मत पडले.) मागच्या फ्रेमपासून किती वेळ गेला तो ‘डेल्टा टाइम’ घेऊन वेगाला त्याने गुणायचे असते, ही या क्षेत्रातली बाराखडी आहे आणि मला ती अशी फजिती होऊन कळली.

दुसरी अडचण अधिक शिकवून गेली. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील, तर एका फ्रेमचे सगळे काम साधारण १६.७ मिलिसेकंदांत संपावे लागते. आईच्या साध्या फोनवर माझे काम ३० च्या पुढे जात होते. डब्यात ९० प्रवासी होते आणि कोण कुणाला धडकते हे पाहण्यासाठी मी प्रत्येकीची प्रत्येकीशी तुलना करीत होते, म्हणजे दर फ्रेमला ४,००५ जोड्या. डब्याचे चौकोन पाडून फक्त शेजारच्या चौकोनांतल्या बायका तपासायला सुरुवात केली तेव्हा गाडी रुळावर आली. तरीही दर काही सेकंदांनी एक हिसका बसत असे. तो गार्बेज कलेक्शनचा, म्हणजे नको असलेली मेमरी आपोआप साफ करण्याच्या कामाचा, निघाला, कारण मी दर फ्रेमला नवी यादी तयार करून टाकून देत होते. हा आजार मात्र जावामुळे ओळखीचा होता आणि तो मी एका संध्याकाळी बरा केला. साडेपाच वर्षांचा अनुभव अगदीच वाया जाणार नाही, असे मला वाटते ते यामुळे.

आता मुख्य प्रश्न. मला या सगळ्यात सर्वांत जास्त आनंद कोड लिहिताना झाला नाही, तर नियम बदलताना झाला. सुरुवातीला डब्यातली प्रत्येक बाई खरे उत्तर देत असे, आणि ज्या मैत्रिणींना खेळायला दिले त्या पाच मिनिटांत कंटाळल्या, कारण तो नुसता पाठांतराचा खेळ झाला होता. सहा जणींमागे एक खोटे बोलू लागली तेव्हा त्या पुढे सरकून, चेहरे पाहून, पिशव्या आवरणाऱ्या बायकांवर लक्ष ठेवून खेळू लागल्या. तीन जणींमागे एक खोटी केली तेव्हा त्यांनी विचारणेच सोडून दिले. एका आकड्यामुळे माणसाचे वागणे इतके बदलते, हे पाहण्यासाठी मी पुन्हा दीड वर्ष जागरण करीन. हे काम गेम डिझायनरचे आहे, हे मला कळते. परंतु नोकरीच्या जाहिराती पाहाव्यात, तर नवख्या डिझायनरसाठी जागा क्वचित दिसतात आणि खेळाचे नियम कोडमध्ये उतरवणाऱ्या गेमप्ले प्रोग्रामरसाठी त्या मानाने बऱ्याच. आधी प्रोग्रामर म्हणून आत शिरून नंतर डिझाइनकडे सरकणे प्रत्यक्षात घडते का, की एकदा कोड लिहिणारी म्हणून शिक्का बसला की तोच कायम राहतो? ज्यांनी हा बदल केला आहे किंवा करताना पाहिला आहे, त्यांच्याकडून मला हेच प्रामुख्याने जाणून घ्यायचे आहे.

प्रोग्रामर म्हणून मी कितपत तयार आहे, याची परीक्षा गेल्या महिन्यात झाली. अंधेरीतल्या एका स्टुडिओने मुलाखतीला बोलावले. तिथे विचारले की, पहारेकरी एका दिशेला तोंड करून उभा आहे, खेळाडू त्याच्या पुढे आहे की मागे, हे कसे ठरवाल? मी कोन काढायला बसले, साइन-कोसाइनच्या जंजाळात अडकले आणि फळा भरून टाकला. उत्तर दोन ओळींचे होते: पहारेकऱ्याची दिशा आणि त्याच्याकडून खेळाडूकडे जाणारा सदिश यांचा डॉट प्रॉडक्ट (अदिश गुणाकार) घ्यायचा, धन आला तर पुढे, ऋण आला तर मागे. बारावीत मी ही गणिते डोळे मिटून सोडवली होती, पण ती कशासाठी असतात हे तेव्हा कुणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. त्यांनी मला नाकारले नाही. तीन महिन्यांनी पुन्हा या म्हणाले, आणि घेतलेच तर वर्षाला साडेपाच लाख देऊ म्हणाले, जे माझ्या सध्याच्या पगाराच्या निम्मेही नाही. घराच्या हप्त्यात माझा वाटा असल्यामुळे हा आकडा नुसता मनाला लावून घेण्याचा नाही, तर वहीत मांडण्याचा आहे. दोन-तीन वर्षांत ही तूट भरून निघते का, याविषयी अनुभवाचे बोल हवे आहेत.

घरची बाजूही सांगायला हवी. माझे वडील ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रासायनिक कारखान्यात होते. तो बंद पडला तेव्हा मी चौथीत होते. आज त्याच रस्त्यावरच्या काचेच्या इमारतीत मी नोकरी करते, आणि ही नोकरी मी आपण होऊन सोडावी, हे त्यांच्या पचनी पडत नाही. त्यात ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला आणि ‘गेमिंगवर बंदी’ असा मथळा वाचून त्यांनी वर्तमानपत्राची घडी माझ्यासमोर ठेवली. बंदी पैसे लावून खेळायच्या खेळांवर आहे, ई-स्पोर्ट्सला, म्हणजे गेमच्या स्पर्धांना, उलट त्याच कायद्याने मान्यता दिली आहे, हे मी त्यांना समजावले. तुमच्या फोनवरचा ‘लूडो किंग’ २०१६ मध्ये आपल्या नवी मुंबईतल्याच गेमेशन कंपनीने काढला, पुण्याच्या नॉडिंग हेड्सची २०१७ मधली किकस्टार्टरवरची लोकवर्गणीची मोहीम फसली तरी त्यांचा ‘राजी’ २०२० मध्ये जगभर पोहोचला, युबिसॉफ्ट या मोठ्या गेम कंपनीचा स्टुडिओ पुण्यात २००८ पासून आणि मुंबईत २०१८ पासून आहे, हेही सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘मग मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२४ मध्ये गेमच्या विभागातली १,९०० माणसे का काढली?’ त्यांनी हे कुठून वाचले देव जाणे, पण माहिती बरोबर होती. शिवाय पैशांच्या खेळांच्या कंपन्यांतून बाहेर पडलेले अनुभवी प्रोग्रामर आता माझ्याच रांगेत उभे आहेत, हे मला त्यांच्यापासून लपवता आले, तरी स्वतःपासून लपवता येत नाही. सध्या मुंबई-पुण्यात नवख्यांची भरती खरोखर होत आहे का, हे आतल्या कुणी सांगितल्यास बरे होईल.

अभ्यासक्रमाविषयी थोडक्यात विचारते. ठाणे स्टेशनजवळच्या एका खासगी संस्थेत चौकशी केली. दोन वर्षांचे शुल्क ४ लाख २० हजार. विद्यार्थ्यांचे काम पाहायला मागितले, तर पाच जणांच्या पाच गेममध्ये तोच राखाडी पुतळा, म्हणजे अनरील या युनिटीसारख्याच सॉफ्टवेअरमध्ये आयता मिळणारा, तशाच ओसाड मैदानात धावत होता. माहितीपत्रकावर ‘१००% प्लेसमेंट’ आणि अर्जाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ‘प्लेसमेंटसाठी सहाय्य’, हा फरक तिथल्या बाईंना दाखवल्यावर त्यांनी चहा मागवला. मी तिथे जाणार नाही, हे माझे ठरले आहे. मात्र आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागासारख्या ठिकाणी सीईईडी ही प्रवेश परीक्षा देऊन रीतसर डिझाइन शिकल्याने या क्षेत्रात काही फरक पडतो का, की ती दोन वर्षे दुसरा आणि तिसरा गेम पूर्ण करण्यात घालवावीत, यावर मते हवी आहेत.

शेवटचा प्रश्न कायद्याचा आहे आणि त्याने मला सर्वांत जास्त छळले आहे. माझ्या नेमणूकपत्रात असे कलम आहे की, नोकरीच्या काळात मी केलेली कोणतीही निर्मिती कंपनीच्या मालकीची राहील. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम १७ मी वाचले; त्यानुसार वेगळा करार नसेल तर नोकरीचे काम म्हणून केलेल्या निर्मितीचा पहिला मालक नोकरी देणारा असतो. गेम माझ्या लॅपटॉपवर, माझ्या वेळात आणि कंपनीच्या कामाशी संबंध नसलेल्या विषयावर केला आहे, पण नेमणूकपत्राची भाषा कायद्यापेक्षा व्यापक आहे. मनुष्यबळ विभागाला लेखी विचारले, त्याला तीन आठवडे झाले, उत्तर नाही. गेम विनामूल्य ठेवला तरी अडचण येऊ शकते का? कुणी ना-हरकत पत्र मिळवले असेल, तर ते कसे मागितले, हे कृपया सांगावे.

भर (चार दिवसांनंतर) :

प्रतिसाद देणाऱ्या सर्वांचे मनःपूर्वक आभार. ‘क्यूए टेस्टर म्हणून शिरा’, म्हणजे गेम खेळून चुका शोधण्याचे काम घ्या, असे तिघांनी सुचवले आहे. पदवीनंतर लगेच असते तर मी तो मार्ग घेतला असता, पण आता प्रोग्रामरची पाच वर्षे मागे ठेवून तिथून सुरुवात करणे मला पटत नाही. यात कुणाच्या कामाला कमी लेखण्याचा हेतू नाही.

‘युनिटी सोडून गोडो घ्या’ या सूचनेविषयी: सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटीने गेमच्या दर इन्स्टॉलमागे शुल्क जाहीर केले तेव्हा गेमवाल्यांत उडालेला गोंधळ मी वाचला होता. पुढे वर्षभराने ते मागे घेतले गेले, आणि त्यानंतरच मी काम सुरू केले. गोडो हे तसेच सॉफ्टवेअर मुक्त स्रोत आहे, म्हणजे कुणालाही विनाशुल्क वापरता येते, हा मुद्दा मला मान्य आहे, परंतु अर्ध्याहून अधिक झालेला गेम आता हलवणार नाही.

एका सदस्यांनी खासगी संदेशात पाठवलेला सल्ला त्यांच्या परवानगीने इथे मांडते, कारण तो इतरांच्याही कामी येईल. त्यांच्या मते मी प्रोग्रामर म्हणूनच अर्ज करावा, पण पोर्टफोलिओत चौकोनांच्या गणिताशेजारी ‘सहा जणींमागे एक खोटी’ हा प्रयोगही एका पानात लिहावा: काय बदलले, किती जणांनी खेळून पाहिले, कुणी काय केले. छोट्या स्टुडिओत कोड आणि नियम यांमधली भिंत पातळ असते, त्यामुळे आपण दोन्हीकडे पाहतो हे पहिल्याच दिवशी दिसले पाहिजे, असे ते म्हणाले. ते पान मी काल लिहायला घेतले. ना-हरकत पत्राविषयी मात्र अजून कुणीच काही सांगितलेले नाही. तो प्रश्न उघडाच आहे.

आणि एक विनंती. प्ले स्टोअरवर वैयक्तिक नव्या खात्यावरून गेम सर्वांसाठी खुला करण्याआधी किमान १२ जणांनी सलग १४ दिवस बंद चाचणीत सहभागी असावे लागते. ना-हरकत पत्र आल्याशिवाय मी चाचणी सुरू करणार नाही, पण माणसे आताच जमवून ठेवीत आहे. आतापर्यंत ९ जणी झाल्या आहेत, त्यांतल्या चौघी माझ्या जुन्या डब्यातल्या आहेत आणि त्या खोटे कोण बोलते हे फारच लवकर ओळखतात. लोकलने कधीही प्रवास न केलेली तीन माणसे मिळाली, तर खेळ त्यांना समजतो का, हे कळेल. फोन अँड्रॉइडचा हवा, जितका जुना तितका चांगला.