मदत हवी आहे: एक्स-रेत सुटलेलं फ्रॅक्चर, याला निष्काळजीपणा म्हणता येईल का?

नमस्कार मंडळी,

धाकट्या भावाबद्दल विचारायचं आहे. जरा सविस्तर लिहिते, कारण अशा बाबतीत सगळं तपशिलांवर ठरतं असं ऐकलंय.

भाऊ सुतारकाम करतो. पडताना त्याने हात टेकला आणि सगळा भार मनगटावर आला. सूज होती, अंगठ्याच्या बाजूला दुखत होतं. त्याच दिवशी तातडीच्या विभागात एक्स-रे काढला. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी फिल्म पाहून सांगितलं, 'मुरगळलंय, क्रेप बँडेज बांधा.' नंतर रेडिओलॉजिस्टचा रिपोर्ट आला, 'हाडाला इजा दिसत नाही.' पुन्हा कधी दाखवायचं, दुखणं राहिलं तर काय करायचं, याबद्दल कागदावर एक अक्षर नाही.

दुखणं काही गेलं नाही. रंधा मारताना, स्क्रू पिळताना, हातावर जोर देऊन उठताना कळ यायची. रिपोर्ट नॉर्मल आहे म्हटल्यावर तो सोसत राहिला. काही महिन्यांनी दुसऱ्या ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी त्याला अंगठा ताणून धरायला सांगितलं, अंगठ्याच्या बुडाशी खळगा पडतो तिथे बोटाने दाबलं आणि भाऊ ओरडलाच. मग सीटी झाला, एमआरआय झाला. मनगटातलं स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड मधोमध मोडलेलं आहे, जुळलेलं नाही आणि कोपराकडच्या तुकड्याचा रक्तपुरवठा तुटलाय. आता ऑपरेशन करून दुसरीकडच्या हाडाचा तुकडा तिथे बसवायचा आणि स्क्रू टाकायचा. तरीही मनगट पहिल्यासारखं वळेल याची खात्री डॉक्टर देत नाहीत. त्याचं हातावर पोट आहे, त्यामुळे घरात सगळेच हादरलोय.

नव्या डॉक्टरांनी जुनी फिल्म उजेडात धरून दाखवली. त्या हाडावर केसासारखी बारीक काळी रेघ आहे. आता फिल्म हातात घेतली की मला आधी तीच दिसते.

राग खूप आहे, पण उगाच कुणावर आळ घ्यायचा नाही. म्हणून विचारते, रेघ फिल्मवर असूनही रिपोर्टमध्ये आली नाही, एवढ्यावर दावा उभा राहतो का? कोणती कागदपत्रं आत्ताच हातात घ्यायला हवीत? आणि जुनी फिल्म नव्याने वाचून घ्यायची तर कुणाकडून आणि कशी?

प्रतिसाद १

मी रेडिओलॉजिस्ट आहे. तुमच्या भावाची फिल्म मी पाहिलेली नाही, तेव्हा कोण चुकलं यावर बोलणार नाही.

स्कॅफॉइडचं फ्रॅक्चर पहिल्या दिवशीच्या एक्स-रेत न दिसणं ही आमच्याकडे सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट आहे. मोडलेल्या कडा थोड्या झिजल्या की रेघ उघडी पडते. म्हणूनच त्या खळग्यात दाबल्यावर दुखत असेल, तर फिल्म स्वच्छ असली तरी फ्रॅक्चर आहे असं धरून चालायचं, हात स्प्लिंटमध्ये किंवा प्लास्टरमध्ये ठेवायचा आणि १० ते १४ दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढायचा. सोय असेल तर थेट एमआरआय. या हाडाला रक्त मुख्यतः बोटांच्या बाजूने शिरतं आणि उलट दिशेने मागे जातं, त्यामुळे मधोमध मोडलं की मागचा तुकडा उपाशी राहतो. उशीर महागात पडतो तो यामुळे.

म्हणजे तुमच्या प्रकरणात दोन प्रश्न आहेत आणि ते वेगवेगळे ठेवा. रेघ त्या दिवशी दिसण्यासारखी होती आणि वाचणाऱ्याकडून सुटली का, हा एक. दिसण्यासारखी नव्हती असं धरलं, तरी तपासणाऱ्या डॉक्टरांनी तो खळगा दाबून पाहिला का, आणि परत बोलावलं का, हा दुसरा. मला दुसरा जास्त वजनदार वाटतो.

'आता मला आधी तीच दिसते' असं तुम्ही लिहिलंय, त्याबद्दल. उत्तर माहीत झालं की रेघ सगळ्यांनाच दिसते, आम्हालाही. १९४९ मध्ये गारलंड या रेडिओलॉजिस्टनी दाखवून दिलं होतं की छातीच्या एक्स-रेतल्या आजाराच्या खुणा अनुभवी वाचकांकडूनही सुमारे ३० टक्के वेळा सुटतात. २०१३ च्या एका प्रयोगात फुप्फुसाच्या सीटीत गोरिलाचं चित्र घातलं होतं, शोधायच्या गाठींच्या सरासरी आकारापेक्षा ४८ पट मोठं. २४ रेडिओलॉजिस्टपैकी २० जणांना ते दिसलं नाही, आणि त्यांतल्या बहुतेकांची नजर बरोबर त्यावरून गेली होती. चूक झाली तर माफ करा असं मी म्हणत नाही. पण 'सुटलं' आणि 'निष्काळजीपणा केला' यांतलं अंतर सिद्ध करावं लागतं.

म्हणून स्वतंत्र मत घेताना निकाल आधी सांगू नका. त्या दिवशी रेडिओलॉजिस्टला जेवढी माहिती दिली होती तेवढीच द्या. जमलं तर इतर मनगटांच्या फिल्ममध्ये ही मिसळून वाचायला द्या. अशा वाचनातही रेघ सापडली, तर त्या मताला किंमत आहे.

धागाकर्ती

मनापासून आभार. कागद पुन्हा पाहिले. एक्स-रे मागणीच्या चिठ्ठीवर फक्त 'मनगट, पडल्याने मार' एवढंच आहे. कुठे दुखतंय ते नाही. आणि फिल्म दोनच आहेत, एक समोरून, एक बाजूने.

प्रतिसाद १

ही चिठ्ठी जपून ठेवा. स्कॅफॉइडचा संशय लिहिला असता तर त्या हाडासाठी वेगळ्या कोनातून जादा फिल्म घेतल्या असत्या, साधारण चार तरी. वाचणाऱ्याला नेमकं कुठे पाहायचं हेही कळलं असतं. रिपोर्ट लिहिणाऱ्याइतकाच चिठ्ठी लिहिणाराही इथे प्रश्नात येतो.

प्रतिसाद २

मी वकील आहे, अशी प्रकरणं पाहिली आहेत. नियम देशागणिक बदलतात, पण गाभा सारखा आहे. डॉक्टरांवर काळजी घेण्याची जबाबदारी होती, ती पाळली नाही, त्यामुळेच नुकसान झालं आणि ते नुकसान मोजता येतं, हे चारही दाखवावं लागतं. इंग्लंडमधल्या १९५७ च्या बोलम खटल्यातली कसोटी अनेक ठिकाणी वापरतात: त्याच क्षेत्रातल्या जबाबदार डॉक्टरांना मान्य असलेली पद्धत पाळली का? १९९७ च्या बोलिथो निकालाने त्यात भर घातली की ते मत तर्काला टिकणारंही हवं.

लोक अडकतात ते तिसऱ्या मुद्द्यावर. समोरची बाजू म्हणणार, वेळेवर कळलं असतं तरी हाड जुळलं नसतं. मधोमध मोडलेलं पण न सरकलेलं स्कॅफॉइड वेळेवर प्लास्टर घातलं तर बहुतेकदा जुळतं. तेव्हा तुकडे त्या दिवशी सरकलेले होते का, हे ऑर्थोपेडिक तज्ज्ञाकडून लेखी घ्या. भरपाई मिळते ती वेळेवर कळलं असतं तर आणि उशिरा कळलं म्हणून यांतल्या फरकाची, मूळ अपघाताची नाही.

आज करायचं काम म्हणजे संपूर्ण केसपेपर लेखी अर्ज करून मागा आणि पोच घ्या. फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो चालणार नाही. सीडीवर मूळ डायकॉम फाइल, म्हणजे एक्स-रेची मूळ डिजिटल प्रत, मागा, त्यात तारीख, वेळ आणि किती फिल्म काढल्या ते असतं. रिपोर्टमध्ये नंतर दुरुस्ती झाली असेल तर दोन्ही प्रती मागा. दाव्याची मुदत कुठे घटनेपासून मोजतात, कुठे नुकसान कळल्यापासून, म्हणून स्थानिक वकिलाला लगेच भेटा. आणि ऑपरेशन दाव्यासाठी थांबवू नका.

धागाकर्ती

ऑपरेशनची तारीख घेतली आहे, ते थांबणार नाही. अर्ज उद्याच देते.

एकच राहिलं. निकाल न सांगता फिल्म वाचून देणारे, आणि गरज पडली तर न्यायालयात येऊन साक्ष द्यायला तयार असणारे रेडिओलॉजिस्ट लोक कसे शोधतात? वकिलामार्फत गेलेलं बरं की आपण थेट विचारायचं? कुणी या वाटेने गेलं असेल तर कृपया लिहा.