रहस्यमालिका रोज दाखवणं बंद करा

रामबागकर

खुनाची गोष्ट सोमवार ते शनिवार रोज दाखवता येत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. दाखवली की ती सासू-सुनेची गोष्ट होते, फक्त मधे एक प्रेत असतं.

रहस्यात अर्धं काम लेखकाचं, अर्धं आपलं. संशय कुणावर घ्यायचा, हे ठरवायला उसंत लागते. सीआयडी १९९८ मध्ये सुरू झाली तेव्हा एकेक प्रकरण दोन-दोन भागांत असायचं. पहिला भाग संपला की आमची आत्या कालनिर्णयच्या चौकोनात पेन्सिलीने नाव लिहून ठेवायची. दुधाच्या हिशेबाशेजारी 'मुनीम?', दोन दिवसांनी ते खोडून 'धाकटा भाऊ'. घरी आलेल्यांना वाटायचं, या मुनिमाची काही उधारी राहिलीय. तिचं नाव बरोबर निघालं की रविवारी पोहे-जलेबी तिच्याकडून, चुकलं की काकांकडून.

आता रोजची मालिका बघा. अर्ध्या तासातले बावीस-तेवीस मिनिटं हाती येतात. त्यात आधी कालचं दाखवतात. मग दार उघडतं. दारात कोण आहे ते आपल्याला दिसत नाही, पण घरातल्या पाच जणांचे चेहरे दिसतात, प्रत्येक चेहऱ्यावर ढोल. जाहिरात. परत तेच दार. आत येतो तो कुरियरवाला. यात विचार कसला करणार?

इंग्लंडमध्ये २०१३ साली 'ब्रॉडचर्च' आली. समुद्रकाठच्या छोट्या गावात एका मुलाचा खून, आठ भाग, आठवड्याला एक. खुनी कोण हे मालिकेतल्या बहुतेक नटांनासुद्धा बराच काळ सांगितलं नव्हतं. अमेरिकेत 'डॅलस' मालिकेतल्या जे. आर.वर मार्च १९८० मध्ये गोळी झाडली गेली, ती कुणी झाडली हे कळलं नोव्हेंबरात. लोक आठ महिने पैजा लावत बसले. आपल्याकडे आठवडाभर सुद्धा धीर नाही?

कोर्टवाला

रामबागकर, तुमची आत्या आवडली, युक्तिवाद नाही आवडला.

आठवड्याला एक भाग ही कुणाची कलादृष्टी नव्हती, ती सोय होती. दूरदर्शनकडे संध्याकाळचे मोजके तास आणि रांगेत उभे निर्माते. तेरा भागांची मंजुरी मिळाली की गंगेत घोडं न्हालं. आणि ज्या मालिकांसाठी आपण उसासे टाकतो त्यांत गोष्ट बहुतेक वेळा त्याच दिवशी संपायची. करमचंद १९८५ ची, बासू चॅटर्जींचा ब्योमकेश बक्शी १९९३ चा. ब्योमकेश झालेला रजित कपूर शांतपणे खुन्याचं नाव सांगायचा आणि बातम्या लागायच्या. मग पुढचे सहा दिवस तुम्ही विचार कशाचा करत होतात? करमचंद चघळायचा त्या गाजराचा?

डॅलसचंही तेच. उन्हाळ्याची सुट्टी आणि वरून नटांचा संप, म्हणून ते लांबलं. संपाला तुम्ही रसग्रहण म्हणताय.

रामबागकर

सोय होती, मान्य. पण नळाला एक दिवसाआड पाणी येतं तेव्हा माणूस ते जपून वापरतो, हेही खरंच ना? ब्योमकेशची गोष्ट त्या दिवशी संपायची, तरी शाळेत दुसऱ्या दिवशी ती पुन्हा सांगितली जायची, आणि सांगताना कळायचं की सुगावा कुठे होता. आज रात्री साडेदहाला पाहिलेलं उद्या सांगायला जावं तर उद्या रात्री साडेदहाला पुढचं आलेलं असतं.

स्नेहलतागंजची सून

रोजच्या मालिकांना नावं ठेवणारे बहुतेक जण त्या जेवताना टीव्हीकडे पाठ करून ऐकतात, बघत नाहीत. आमच्या घरचं सांगते.

इंदूरला मुंबई केंद्र दिसायचं नाही. सीआयडी काढणाऱ्या बी. पी. सिंगांनी त्याआधी मुंबई दूरदर्शनवर 'एक शून्य शून्य' केली, शिवाजी साटम त्यातही होते, पण आमच्या सासूबाईंना ती फक्त दादरच्या नणंदेच्या पत्रांतून ठाऊक. १९९९ मध्ये अल्फा मराठी आलं आणि केबलवाल्याच्या मागे लागून त्यांनी ते लावून घेतलं. दिवसभर भाजीवाला, डॉक्टर, बँक, शेजार, सगळं हिंदीत. रात्री तेवढं मराठी. त्यांना आठवड्यातून एकदा मराठी ऐका म्हणून तुम्ही सांगा, मी नाही सांगणार.

आणि रहस्याचं म्हणाल तर 'रात्रीस खेळ चाले' घ्या. २०१६ मध्ये पहिलं पर्व सुरू झालं तेच अण्णा नाईकांच्या मरणाने. २०१९ मध्ये दुसरं पर्व आलं ते त्याच्या आधीची गोष्ट सांगणारं. म्हणजे अण्णा शेवटी जाणार हे अख्ख्या महाराष्ट्राला आणि आमच्या गल्लीला पहिल्या दिवसापासून माहीत. तरी लोकांनी अण्णा आणि शेवंता रोज बघितले, पहिल्यापेक्षा जास्त चवीने. कारण 'कुणी मारलं' यात रस नव्हताच. हा माणूस घरात कसा वागतो, बायको ते कसं गिळते, नोकर कसा थरथरतो, ते बघायचं होतं. असा माणूस ओळखीचा व्हायला रोजची भेट लागते. आठवड्यातून एकदा भेटतो तो पाहुणा.

भंवरकुआं हॉस्टेल

काका-काकू, दोघांचंही ठीक आहे, पण वाट बघायचीच कशाला? शुक्रवारी रात्री सगळे भाग एकदम लावा, पहाटे चारला खुनी हातात. आमच्या खोलीत चौघं एका लॅपटॉपवर बघतो, मधे कुणी भंवरकुआंच्या चौकातून चहा आणतो.

सलग बघण्याचा खरा फायदा हा की सुगावे लक्षात राहतात. दुसऱ्या भागात कुणाच्या तरी मनगटावर घड्याळ नव्हतं, हे सहाव्या भागात कामाला येतं. मधे चार आठवडे गेले तर कोणाला आठवणार? म्हणून तर आठवडी मालिकेत सुगावा इतका मोठा दाखवतात की आंधळ्यालाही दिसावा. सलग मालिकेत लेखक तो बारीक ठेवू शकतो.

रामबागकर

भिया, पहाटे चारला डोळे मिटत असताना घड्याळ दिसतं का? खरं सांग, शेवटचा भाग तरी सगळ्यांनी जागेपणी पाहिला का?

भंवरकुआं हॉस्टेल

दोघांनी पाहिला. बाकीच्या दोघांना आम्ही सांगितला. :)

कोर्टवाला

या पोराच्या मुद्द्यात दम आहे. पण मला चीड वेगळ्याच गोष्टीची येते, आणि तिथे मी थोडा रामबागकरांच्या बाजूला झुकतो (पूर्ण नाही, सवय नाही).

रोजची गुन्हेमालिका चालली की ती बंद करता येत नाही. गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात, ते चांगले असले की वाहिनी म्हणते वाढवा. वाढवायची म्हणजे खुनी मोकळा राहायला हवा. खुनी मोकळा राहायचा तर पोलीस बावळट हवेत. 'देवमाणूस' बघा, २०२० मध्ये आली. गावात बोगस डॉक्टर, माणसं गायब होतात, खऱ्या घटनेवर बेतलेली. पहिले काही आठवडे अंगावर काटा यायचा. मग तोच काटा रोज रात्री, महिनोन् महिने. दुसरं पर्व झालं, २०२५ मध्ये 'मधला अध्याय' आला. माणसाने दरवेळी निसटायचं म्हणजे शेजारपाजार, पंचायत, पोलीस ठाणं सगळ्यांनी दरवेळी मूर्ख व्हायचं. आणि हळूहळू प्रेक्षक त्याच्या निसटण्याला टाळ्या वाजवू लागतो. हा लेखकाचा दोष म्हणून मी मानत नाही, कागदावर शेवट असेलही. तो दाखवायची परवानगी आकड्यांकडे आहे.

आठवडी मालिकेचे गुन्हे निराळे. तिथे घाई. सीआयडीत डॉ. साळुंखेंनी नळी हलवली की अहवाल तयार, दयाने दार तोडलं की गुन्हेगार आत, आणि एक थप्पड पडली की कबुली. ना पंच, ना पंचनामा. आमच्याकडे मध्य प्रदेशात नमुना सागरच्या प्रयोगशाळेत जातो आणि आम्ही तारखेवर तारीख घेत अहवालाची वाट बघतो. पोलिसांपुढच्या कबुलीला तर कोर्टात पुरावा म्हणून किंमतच नाही. तरी सीआयडी १५४७ भाग चालून २०१८ मध्ये थांबली आणि २०२४ च्या डिसेंबरात परत आली, हे मी मान देऊन सांगतो. मीही बघतो. बायको म्हणते, बघत नाहीस, उलटतपासणी घेतोस.

सानंदचा जुना सभासद

तुम्ही सगळे टीव्हीतच अडकलात. आपल्याकडे इंदूरला सानंद संस्थेचं नाटक सभासदांच्या वेगवेगळ्या समूहांसाठी शनिवार-रविवारी लागोपाठ होतं. रहस्यनाटक असलं की शनिवारी पाहून आलेला माणूस रविवारवाल्याच्या घरी चहाला बसलेला असतो, आणि काय बिशाद तो एक शब्द बोलेल! फक्त गालात हसतो. ते हसणं बघून यजमान त्याला उपम्याची दुसरी बशी देतात, तरी तो बोलत नाही.

माझं म्हणणं, आठवडा नको, रोज तर नकोच नको. एक मध्यंतर पुरे. खंडवा रोडच्या सभागृहात मध्यंतराला वड्याच्या रांगेत जे तर्क चालतात ते ऐका. पुढे उभ्या बाई म्हणतात नवरा, मागचे काका म्हणतात नवरा एवढा उघड संशयित आहे म्हणजे नक्की नाही. तिसरी घंटा होते आणि प्रत्येक जण आपापला खुनी घेऊन आत जातो. ओटीटीवर हे होत नाही, कारण एक भाग संपून श्वास घ्यायच्या आत पुढचा आपोआप सुरू होतो. पोरा, तुमचा चहा आणायला जाणारा मित्र आहे ना, तो तुमच्यातला सगळ्यात चांगला प्रेक्षक. तो येईपर्यंत थांबवता की नाही?

भंवरकुआं हॉस्टेल

थांबवतो, कारण लॅपटॉप त्याचा आहे. पण हो, तो परत येतो तेव्हा हमखास काहीतरी नवीन विचार करून येतो. मागच्या वेळी त्याने चौकातून येता येताच डॉक्टरचं नाव घेतलं होतं.

रामबागकर

बघा, त्याला पाच मिनिटं मिळाली तर त्याने खुनी पकडला. आत्याला आठवडा मिळायचा.

सूनबाईंच्या अण्णांबद्दल एवढंच की ती उत्तम कौटुंबिक मालिका होती. खुशाल रोज दाखवा. पण मग तिला रहस्य म्हणून विकू नका. 'कुणी केलं' हा प्रश्न घेऊन जे येतील, त्यांनी पहिल्याच दिवशी पाटीवर लिहावं की इतक्या भागांत उत्तर देऊ. तेरा म्हणा, आठ म्हणा. आणि कोर्टवालेसाहेब, आकडे चढले तरी ती पाटी पुसायची नाही, असा करार करून द्या. फी सराफ्याच्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा कीस.

कोर्टवाला

करार करून देतो. मोडला तर दाद कुठे मागणार ते आधी ठरवा. आणि कीस चालेल, पण वर गरम जलेबा हवा.

स्नेहलतागंजची सून

तुमचं कीस-जलेब्यावर मिटलं, छान. सासूबाईंना आत्ता हा सगळा धागा वाचून दाखवला. त्या म्हणतात, तेरा भागांत संपवा खुशाल, पण चौदाव्या दिवशी साडेदहाला काय लावणार ते कुणीच लिहिलेलं नाही.