डकारला माणूस पाठवतोय: फ्रेंचवर भागेल की वोलोफही शिकवू?

दाणाबंदर_वाशी: आमची कणी न्हावा शेवाहून सेनेगलच्या राजधानीत, डकारला जाते. तिथली गिऱ्हाईकं सांभाळायला तुर्भ्याचा एक मुलगा सहा महिने ठेवायचाय. त्याचं फ्रेंच ए-टू या प्राथमिक पातळीपर्यंत झालंय. बाजारात वोलोफ ही तिथली स्थानिक भाषाच चालते म्हणतात, खरं का?

ऐरोलीकर: बाजारापुरतं खरं. पण फ्रेंच सोडू नका. राजभाषा तीच, त्यामुळे कस्टम, बँक, करार, बिलं सगळं फ्रेंचमध्ये. तोंडी व्यवहार वोलोफमध्ये. घरी पुलार किंवा सेरेर बोलणारेही डकारच्या बाजारात वोलोफवरच येतात. मुलाला आधी विचारपूस शिकवा: 'नांगा देफ?' ला उत्तर 'मांगी फी रेक'. सलाम-विचारपूस न करता थेट भाव विचारला की समोरचा आखडलाच.

घणसोली_हिशेब: खरा घोळ आकड्यांचा. वोलोफमध्ये बोलताना पैसे देरेममध्ये मोजतात आणि १ देरेम म्हणजे ५ फ्रँक सीएफए (तिथलं चलन). 'तेमेर' म्हणजे शंभर, पण भावात ५०० फ्रँक. 'जुन्नी' म्हणजे हजार, भावात ५,०००. समजा पोत्याला 'न्येन्ती जुन्नी' सांगितले. ऐकायला चार हजार, द्यायचे २०,०००. उलटी फसगतही होते. डकारमध्ये वोलोफ वाक्यात फ्रेंच आकडा सर्रास येतो. 'मिल' ऐकलं तर ते १,००० फ्रँकच, तिथे पाचाने गुणायचं नाही. म्हणजे वाक्याची नाही, आकड्याची भाषा बघायची.
मोजणीही पाचावर बेतलेली: जुरोम ५, जुरोम-बेन ६, जुरोम-न्यार ७, फुक १०. एवढं पाठ झालं तरी सौदा ठरल्यावर आकडा फ्रेंचमध्ये पुन्हा म्हणायचा, कॅल्क्युलेटरवर दाखवायचा आणि कागदावर फ्रँकमध्येच उतरवायचा.

दाणाबंदर_वाशी: हे कुणी सांगितलंच नव्हतं! पुढे दक्षिण सेनेगलात झिगिंशोरलाही गोदाम बघतोय. तिथेही वोलोफच?

ऐरोलीकर: चालेल, पण गृहीत धरू नका. झिगिंशोर ज्या भागात येतं त्या कासामांसमध्ये जोला, मांडिंका, शिवाय पोर्तुगीजवरून आलेली क्रिओल. उत्तरेला पोदोर-मातामकडे पुलार. डकारची भाषा आपल्यावर लादली जातेय असं वाटणारे लोक दोन्हीकडे भेटतात. अनोळखी माणसाशी सुरुवात फ्रेंचने करायची, तो वोलोफवर आला की आपणही यायचं.

घणसोली_हिशेब: आणि डकारहून झिगिंशोरचा सरळ रस्ता गांबियातून जातो. तिथे राजभाषा इंग्रजी, चलन दलासी. ट्रकच्या कागदांचं आधीच बघा.