साठीनंतर ॲलिस वाचावी का?

होटगीरोडकर
नातीसाठी आणलेलं ‘ॲलिस इन वंडरलँड’ हे पुस्तक मे महिन्यातल्या दुपारी मीच वाचून काढलं. त्रेचाळीस अंशांत दुसरं करणार तरी काय! ससा, बीळ, आखूड-लांब होणारी मुलगी हे सगळं आठवत होतंच. अडकलो तो वेड्या टोपीवाल्याच्या चहापानाशी. त्याचं मार्चमध्ये काळाशी भांडण झालंय, तेव्हापासून तिथे कायम संध्याकाळचे सहा. कपबश्या धुवायला सवड नाही म्हणून मंडळी एकेक खुर्ची पुढे सरकतात. ॲलिस विचारते, फिरून पहिल्या जागी आलात की काय करता? चहाला बसलेला दुसरा ससा विषयच बदलतो.

माझे वडील इथल्या, सोलापूरच्या एका कापड गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावरही कित्येक महिने पहिल्या पाळीच्या वेळेला उठायचे, सदरा चढवायचे, आईला म्हणायचे, चहा टाक. मग नुसते बसून राहायचे. भोंगा वाजायचाच नाही. ते पान वाचताना मला वडील दिसले. माझं ठाम मत आहे, ही पुस्तकं खरी साठीनंतरच कळतात.

निवृत्त मास्तर
काका, वडिलांचं वाचून गलबललं. पण मत पटलं नाही. ते दुःख तुमचं आहे, पुस्तकाचं नाही. ऑक्सफर्डमध्ये गणित शिकवणाऱ्या लुईस कॅरोलने ४ जुलै १८६२ रोजी नावेतल्या तीन मुलींना रमवायला ही गोष्ट रचली, १८६५ मध्ये पुस्तक निघालं. तिकडची पोरं तेव्हा उद्योगी मधमाशीची उपदेशपर कविता घोकायची. याने मधमाशी काढून तिथे मासे गिळणारी हसरी मगर घातली! मुलांच्या डोक्यावरचं बोधाचं ओझं त्याने उतरवलं, आणि आपण मोठी माणसं ते पुन्हा चढवतोय.

सातरस्ता
मला तर हसूच आलं नाही. निम्मे विनोद इंग्रजी शब्दांवरचे. उंदराची कहाणी आणि त्याची शेपटी, दोन्हींचा इंग्रजी उच्चार एकच. मराठीत त्याचं काय करणार? दहा पानांत ठेवून दिलं.

पूर्वभागातली ताई
दादा, सोलापुरात राहून असं म्हणता? माझ्या वर्गात घरी तेलुगू बोलणारी मुलं आहेत. तेलुगूत पिल्ली म्हणजे मांजर. मी म्हटलं, मांजरीला चार पिल्ली झाली. एक पोरगं गंभीरपणे म्हणालं, बाई, मांजरीला मांजरच होणार ना! शब्द असे घसरतात ते आपण इथे रोज ऐकतो. भा. रा. भागवतांनी ॲलिसची जाई करून ‘जाईची नवलकहाणी’ लिहिली. जमतं, फक्त कान हवा.

भजनी मंडळ
आणि हे आपल्याला नवीन कुठे आहे? ‘काट्याच्या अणीवर वसले तीन गाव, दोन ओसाड एक वसेचिना.’ ज्ञानदेवांचा हा अभंग आमच्याकडे सत्तरीची माणसं टाळ कुटत म्हणतात. पोरखेळ म्हणायची कुणाची छाती आहे?

निवृत्त मास्तर
पण माउलींच्या कोड्याला किल्ली आहे, कीर्तनकार ती फिरवून दाखवतो. टोपीवाला विचारतो, डोमकावळा आणि लिहायचं मेज यांत सारखं काय? कॅरोलने १८९६ च्या प्रस्तावनेत स्वतःच सांगितलं की मुळात त्याला उत्तरच नव्हतं. जिथे अर्थ नाही तिथे तो ठेवू नये, एवढंच माझं म्हणणं.

होटगीरोडकर
सर, उत्तर नसलेलं कोडंच तर मला भिडलं. वडील रोज सकाळी तयार होऊन बसायचे, त्यालाही उत्तर नव्हतं. मी तिथे अर्थ ठेवायला गेलो नव्हतो. नातीलाही काही समजावलं नाही, फक्त वाचून दाखवलं. ती खळखळून हसली आणि मग विचारलं, “आजोबा, त्या सगळ्या कपबश्या शेवटी धुतं कोण?”

पुस्तकात ते लिहिलेलं नाही. आमच्या घरी आई धुवायची.