मदत हवी आहे: चालकाचा स्वयंचलित गाडीवरचा विश्वास गाडी चालू असतानाच कसा मोजावा?

लेव्हल ३ गाडीच्या (ठरावीक परिस्थितीत स्वतः चालते, पण सूचना आली की चालकाने ताबा घ्यायचा) डॅशबोर्डच्या दोन मांडण्या सिम्युलेटरवर तपासतोय. पहिलीत स्टीअरिंगवर फक्त हिरवी पट्टी. दुसरीत क्लस्टरवर (स्टीअरिंगमागच्या पडद्यावर) आजूबाजूच्या गाड्या आणि लेनच्या रेषाही दिसतात. सेन्सरला रेषा नीट दिसेनाशा झाल्या की पट्टी पिवळी होते. ताबा घेण्याची सूचना दोन्हींत सारखीच: लाल पट्टी, आवाज, सीटचं कंपन. प्रतिसाद नाही आला तर १० सेकंदांनी गाडी स्वतः थांबायला लागते.

दुसऱ्या मांडणीला प्रश्नावलीत विश्वासाचे गुण जास्त पडतात, पण पट्टी पिवळी झाली तरी नजर मोबाईलवरून हलत नाही. चित्र देखणं आहे म्हणून गाडी हुशार वाटते, असा माझा संशय. लेव्हल ३ मध्ये नजर बाजूला असणं मुळात चूक नाही, हे मान्य. मला हिरव्या आणि पिवळ्या टप्प्यातला फरक हवाय.

करून पाहिलेलं: १२ विधानांची, ७ गुणांची प्रश्नावली प्रत्येक फेरीनंतर (अविश्वासाच्या पाच विधानांचे गुण उलटे करूनच बेरीज), मांडण्यांचा क्रम आलटून पालटून, पिवळा रंग जास्त ठळक. नजरेच्या सवयीत फरक शून्य. शेवटी भरलेली प्रश्नावली सगळ्या फेरीची सरासरी देते, तिथेच घोळ आहे.

आय ट्रॅकर (नजर कुठे आहे ते टिपणारं यंत्र) आहे, हेड-अप डिस्प्ले (समोरच्या काचेवर माहिती दाखवणारा) नाही. सूचनेची वेळ बदलता येणार नाही.

मधूनमधून एकच तोंडी प्रश्न विचारला तर चालक त्यानेच सावध होतो. मग रस्त्याकडे पाहण्याच्या वेळेचं प्रमाण एवढ्यावर भागेल, की तोंडी प्रश्नाचा हा परिणाम वेगळा काढायची काही पद्धत आहे?