शब्दचर्चा : वीज कंपनीच्या पत्रकातले 'शाश्वत', 'विनियोग', 'तीव्रता' आणि 'निव्वळ शून्य'

प्रश्न – चंद्रपूर जिल्हा, ग्रामपंचायत सदस्य

नमस्कार मंडळी. गावाशेजारच्या औष्णिक वीज केंद्राचा विस्तार होणार आहे. जनसुनावणीच्या आधी कंपनीनं घरोघरी मराठी पत्रक वाटलं. त्यातली चार वाक्यं अशी : 'शाश्वत ऊर्जेसाठी आम्ही कटिबद्ध आहोत. राखेचा 100 टक्के विनियोग करण्यात येतो. उत्सर्जन तीव्रतेत लक्षणीय घट झाली आहे. 2050 पर्यंत निव्वळ शून्य गाठण्याचे उद्दिष्ट आहे.' ग्रामसभेत हे मला समजावून सांगायचं आहे. यातलं खरं किती, हे शब्दांवरून ओळखता येईल का?

उत्तर – वर्धा, निवृत्त मराठी शिक्षिका

दादा, खरंखोटं एकट्या शब्दांवरून ठरणार नाही, पण कुठे बोट ठेवायचं ते नक्की कळतं. 'शाश्वत' म्हणजे कायम टिकणारं. 'शाश्वत विकास' आता रुळला आहे आणि त्याला माझी हरकत नाही. पण दगडी कोळसा जाळला की संपतो, त्याला हे विशेषण लागूच पडत नाही. ते वाक्य कोळशाबद्दल आहे की कंपनीच्या दुसरीकडच्या सौर प्रकल्पाबद्दल, एवढं आधी विचारा.

मग क्रियापदं पाहा. 'कटिबद्ध आहोत' म्हणजे कंबर कसली आहे, काम झालं असं त्यात कुठेच नाही. 'उद्दिष्ट आहे' याचंही तेच. 'घट झाली' हे मात्र तपासता येणारं वाक्य आहे. कधीपासून, किती आणि कोणी मोजली, हे त्याला जोडून मागता येतं. पत्रकात झाडांचा आकडा असेल तर तिथे 'लावली' आहे की 'जगली' आहे, तेही बघा. आपल्याकडचा मे महिना काढून उभी राहिलेली झाडंच मोजायची.

उत्तर – वणी, शेतकरी

भाऊ, आमच्या इकडं राखेले राखड म्हणते. उन्हाळा लागला, वारं सुटलं का राख साठवाच्या बंधाऱ्यावरची राखड उडते. फरदडीच्या कापसावर बसली होती एका साली. जिनिंगवर व्यापाऱ्यानं मूठभर कापूस उचलला, चिमटीत चोळला, आपली बोटं पाह्यली अन् भाव पाडला. पत्रकात माह्या त्या कापसाचा शब्द नाही. म्हून राखड किती वापरली हे मंग इचारा, पयले इचारा का गेली कुठं? ट्रक कोन्या रस्त्यानं जाते, ताडपत्री बांधते का, अन् खाली कुठं करते?

उत्तर – नागपूर, पर्यावरण अहवालांचं काम

वणीच्या दादांनी नेमकं विचारलं. भारतीय कोळशात राख साधारण 30 ते 45 टक्के असते, म्हणजे तीन ट्रक कोळसा जाळला की ट्रकभर राख उरतेच. केंद्र सरकारच्या 31 डिसेंबर 2021 च्या अधिसूचनेत विटा, सिमेंट आणि रस्त्यांच्या जोडीनं सखल जमिनीचा भराव आणि खाणींच्या खड्ड्यांचा भरावही 'वापर' म्हणूनच धरला आहे. त्यामुळे '100 टक्के विनियोग' कायद्यानं खरा असू शकतो आणि तरीही बरीचशी राख एखाद्या बंद खाणीच्या खड्ड्यात गेलेली असू शकते. बोलीभाषेत आपण याला विल्हेवाट म्हणू. शिवाय 100 टक्के कशाचे? या वर्षी निघालेल्या राखेचे असतील, तर बंधाऱ्यात वर्षानुवर्षं साचलेली जुनी राख त्यात आली का? जुलै 2022 मध्ये कोराडीजवळ खसाळ्याचा राख बंधारा फुटला, ती साचलेलीच राख होती.

आता 'तीव्रता'. मला हा शब्द सगळ्यांत जास्त खटकतो, कारण तो चुकीचा नाही आणि तरी गावाची समजूत चुकीची करतो. दर युनिट विजेमागे किती वायू निघतो ती तीव्रता. समजा एखादी कंपनी कोळशावर 100 युनिट काढायची आणि 100 किलो कार्बन डायऑक्साइड सोडायची. तिनं कोळशावरची वीज 120 युनिट केली आणि राजस्थानात कुठेतरी 60 युनिट सौर वीज काढली. एकूण वीज 180 युनिट, वायू 120 किलो. तीव्रता एक किलोवरून 0.67 वर आली, म्हणजे तेहतीस टक्के घट! तुमच्या गावावरचा धूर मात्र वीस टक्क्यांनी वाढला. म्हणून तीव्रतेच्या शेजारी 'एकूण उत्सर्जन' आणि 'या केंद्राचं उत्सर्जन' हे दोन्ही आकडे मागा.

'क्षमता' आणि 'निर्मिती' यांतही असाच गोंधळ होतो. 2025 मध्ये देशाच्या स्थापित वीजक्षमतेत बिगर-जीवाश्म (सौर, पवन, जल, अणू अशा) स्रोतांचा वाटा निम्म्यावर गेला, पण प्रत्यक्ष विजेपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त कोळशातूनच येत होती. रात्री सौर पॅनेल वीज देत नाही. मेगावॅट (क्षमता) छापले असतील तर युनिट (निर्मिती) विचारा.

प्रश्नकर्ता

बाई, सर, आभारी आहे. 'निव्वळ शून्य'चा अर्थ आमच्याकडे लोक 'अगदीच शून्य' असा घेताहेत.

उत्तर – वर्धा

घेणारच. 'निव्वळ खोटं' मधला निव्वळ म्हणजे केवळ, आणि 'निव्वळ नफा' मधला म्हणजे वजावट करून उरलेला. इथे दुसरा अर्थ आहे : सोडलेल्या वायूतून वजावट करून उरतं ते शून्य. बाजार समितीत सोयाबीनच्या वजनातून बारदाना वजा होऊन काटापट्टीवर निव्वळ वजन येतं, तसंच. तिथे बारदाना किती धरला ते तुम्ही डोळ्यांनी पाहता. इथेही वजावट कशाची धरली ते विचारा : झाडांची, की बाहेरून विकत घेतलेल्या कार्बन क्रेडिटची, म्हणजे दुसऱ्या कुणी वायू कमी केल्याच्या प्रमाणपत्रांची?

'ग्रीनवॉशिंग'ला, म्हणजे आहे त्याहून पर्यावरणस्नेही असल्याचं भासवण्याला, कुणी 'हिरवा मुलामा' म्हणतं, मला 'हिरवी धूळफेक' जास्त मराठी वाटतो. पण त्यात हेतूचा आरोप आहे. आकडे हाती येईपर्यंत ग्रामसभेत तो वापरू नका.

उत्तर – नागपूर

'सर्व निकषांचे पालन' असं कुठे लिहिलं असेल तर निकष कोणत्या वर्षाचा, हे विचाराच. गंधकाच्या वायूची मर्यादा 7 डिसेंबर 2015 ला ठरली, पाळायला दोन वर्षं दिली, मग मुदत वाढत गेली आणि जुलै 2025 मध्ये देशातल्या बहुतेक केंद्रांना गंधक काढणारी यंत्रणा बसवण्यातून सूट मिळाली. निकष सैल झाला की धूर तेवढाच राहूनही पालन होतं.

पत्रकाबाहेरचे कागद मिळवा. पर्यावरण मंजुरीच्या अटींचा सहामाही अनुपालन अहवाल असतो. दर वर्षी 30 सप्टेंबरपर्यंत प्रदूषण नियंत्रण मंडळाला नमुना 5 मध्ये पर्यावरण विवरणपत्र द्यावं लागतं. कंपनी शेअर बाजारातल्या पहिल्या हजारांत असेल तर सेबीच्या (शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या) नियमानुसार वार्षिक अहवालातही उत्सर्जनाचे आकडे असतात. तिन्हीकडचा राखेचा आणि वायूचा आकडा पत्रकाशी जुळला, तर कंपनीचं म्हणणं मोकळ्या मनानं मान्य करा. नाही जुळला, तर तफावत वाचून दाखवा.

आणि एक. पर्यावरण मंजुरीविषयीच्या 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे सुनावणीच्या शेवटी गावकऱ्यांचे मुद्दे स्थानिक भाषेत वाचून दाखवायचे असतात. तोवर उठू नका. 'ग्रामस्थांनी राखेबाबत चिंता व्यक्त केली' असं लिहिलेलं निघालं, तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या : 'राख कुठे टाकली, किती टाकली, हे ग्रामस्थांनी विचारले, कंपनीने आकडा दिला नाही.' दिला असेल तर तो आकडा लिहायला लावा.