मदत हवी आहे: सहावी ते आठवीच्या पालकांपर्यंत शाळेच्या सूचना वेळेवर कशा पोहोचवाव्यात?

खडूफळा (गुरुवार, रात्री १०.१०)

नमस्कार. मी नाशिकमधील एका शाळेत गणित शिकवते. यंदा सहावी ते आठवीच्या पालकसंपर्काचे काम मुख्याध्यापकांनी माझ्याकडे सोपवले असून येत्या सोमवारी मला त्याचा आराखडा त्यांच्या टेबलावर ठेवायचा आहे. आम्ही सूचना पाठवत नाही अशातला भाग नाही. सूचना जातात, पण पोहोचत नाहीत.

गेल्या वर्षी आठवीतील एका हुशार मुलाचा एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेचा अर्ज राहून गेला. उत्पन्नाचा दाखला आणण्याची सूचना बुधवारी रात्री वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली होती. तिच्या वर एका मुलीच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या आणि खाली कुणाच्या तरी हरवलेल्या कंपासपेटीची चौकशी. अर्जाची शेवटची तारीख त्याच शनिवारी होती. त्याची आई पुढच्या आठवड्याच्या अखेरीस दाखला घेऊन आली, घडी पडू नये म्हणून वहीच्या दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवून. निवड झाली असती तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळाले असते, आणि त्या बाईंना मी 'ग्रुपवर टाकले होते' एवढेच सांगू शकले.

कृपया नेमका उपाय सांगावा. 'पालकांमध्ये जागृती करा' असे सल्ले आमच्याकडे भरपूर आहेत.

गोदाकाठ (रात्री १०.२५)

मॅडम, 'नाशिकमधील एक शाळा' म्हटल्यावर त्यात गंगापूर रोडवरची शाळाही येते आणि पेठ रस्त्यावरचीही. मुले किती, तुकड्या किती, शाळा अनुदानित की विनाअनुदानित, पालक काय करतात आणि ग्रुपवर लिहिण्याची मुभा कोणाकोणाला आहे, हे कळल्याशिवाय उपाय सांगणे म्हणजे नाडी न बघता पुडी बांधून देण्यासारखे आहे.

संगणकवाला (रात्री १०.४०)

हा प्रश्न दहा वर्षांपूर्वीच सुटलेला आहे. शाळेच्या नावाने एक गुगल कॅलेंडर तयार करा, परीक्षा, पालकसभा, स्नेहसंमेलन आणि सुट्ट्या त्यात भरा आणि दुवा सर्व पालकांना द्या. एकदा जोडले की तारीख बदलली तरी बदल आपोआप दिसतो आणि आदल्या दिवशी आठवणही येते. माझ्या मुलीची शाळा हेच करते आणि मला गेल्या दोन वर्षांत एकही पालकसभा चुकलेली नाही.

निवृत्त पर्यवेक्षक (शुक्रवार, सकाळी ६.०५)

मी एकतीस वर्षे शाळेत काढली. आमच्या वेळी शिपाई नोटीसवही घेऊन वर्गावर्गांत जाई, शिक्षक सूचना वाचून दाखवीत, मुले ती दैनंदिनीत उतरवून घेत आणि दुसऱ्या दिवशी पालकांची सही तपासली जाई. सही नसेल त्याला पहिल्या तासाला उभे राहावे लागे. त्या काळात कोणाचा अर्ज राहिल्याचे मला आठवत नाही. मोबाईल आला आणि शिक्षकांनी सूचना 'टाकायला' सुरुवात केली. टाकलेल्या वस्तूला टाकलेल्या वस्तूइतकीच किंमत मिळते.

संगणकवाला (सकाळी ८.३०)

सर, आपल्याबद्दल आदर आहे, परंतु ती सही आम्ही स्वतःच करायचो. माझ्या वडिलांची सही मला आजही त्यांच्यापेक्षा बरी जमते.

निवृत्त पर्यवेक्षक (सकाळी ८.४५)

ते आम्हालाही कळत असे. तुमच्या कॅलेंडरला मात्र पालकाने ते उघडलेच नाही, हे कधी कळते का?

खडूफळा (सकाळी १०.५०, मधल्या सुट्टीत)

गोदाकाठ, विचारलेली माहिती अशी: मराठी माध्यम, अनुदानित, सातपूर भागातील शाळा. प्रत्येक इयत्तेच्या तीन तुकड्या असून मुले सुमारे साडेचारशे आहेत. बहुतेक पालक सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत पाळीने काम करतात. काही मुले त्र्यंबक रस्त्यावरील गावांतून येतात. वर्गांचे नऊ ग्रुप आहेत, शिवाय खेळ, स्काऊट आणि शिष्यवृत्ती वर्गाचे वेगळे. ग्रुपवर सर्वच लिहितात. गुगल कॅलेंडर आमच्याकडे चालणार नाही, कारण बऱ्याच घरांत एकच फोन आहे आणि त्याचा रिचार्ज महिनाअखेरीस संपलेला असतो.

दाखलामित्र (सकाळी ११.१५)

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आधार कार्ड, शिधापत्रिका, तलाठ्यांचा उत्पन्नाचा अहवाल आणि स्वयंघोषणापत्र घेऊन आपले सरकार सेवा केंद्रात जावे, अथवा संकेतस्थळावरून घरबसल्या अर्ज करावा. दाखला तहसीलदारांच्या स्वाक्षरीने मिळतो. एनएमएमएससाठी पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपेक्षा जास्त नसावे. शाळा सुरू होताच गर्दी वाढते, म्हणून मे महिन्यातच अर्ज केलेला बरा.

खडूफळा (सकाळी ११.२०)

धन्यवाद, परंतु दाखला कसा काढावा हा माझा प्रश्न नव्हता.

गोदाकाठ (दुपारी १.१०)

नव्हता, पण त्या आईचा तोच होता. तुमच्या ग्रुपवरच्या सूचनेत दाखला कुठे मिळतो, सोबत काय न्यावे आणि किती दिवस लागतात, हे लिहिले होते का? की फक्त 'उत्पन्नाचा दाखला शनिवारपर्यंत जमा करणे' एवढीच ओळ होती?

आणखी एक विचारतो. ग्रुपवर जो क्रमांक आहे तो आईचा की वडिलांचा?

खडूफळा (दुपारी १.३०)

एवढीच ओळ होती.

क्रमांक प्रवेश अर्जावरून घेतले आहेत, त्यामुळे बहुतांशी वडिलांचे आहेत.

पाळीवाला (दुपारी ३.४०, पहिली पाळी सुटल्यावर)

मग गाठ इथेच आहे. मी अंबडला काम करतो आणि माझी दोन मुले अशाच एका शाळेत आहेत. आमच्याकडे फोन गेटवरच्या लॉकरमध्ये ठेवूनच आत जावे लागते. दुसरी पाळी असली की तीनला फोन ठेवतो आणि रात्री अकराला हातात घेतो, तेव्हा ग्रुपवर ऐंशी संदेश जमलेले असतात आणि मी पहिला नि शेवटचा पाहून झोपतो. बायकोचा क्रमांक आम्ही मुद्दामच दिला नव्हता, कारण ग्रुपमध्ये तो सगळ्यांना दिसतो. एका ओळखीच्या ताईंना अशाच ग्रुपमधून क्रमांक घेऊन कोणीतरी रात्री-अपरात्री संदेश पाठवत होते. क्रमांक इतरांना दिसणार नाही एवढी खात्री शाळेने दिली, तर निम्म्या आया आपला क्रमांक आनंदाने देतील.

संगणकवाला (दुपारी ४.००)

त्यासाठी ग्रुपऐवजी ब्रॉडकास्ट यादी करा. संदेश प्रत्येकाला स्वतंत्र जातो आणि कोणाचाही क्रमांक दुसऱ्याला दिसत नाही. एका यादीत २५६ जण बसतात, म्हणजे आपल्याला दोन याद्या पुरतील.

गोदाकाठ (दुपारी ४.२०)

अर्धेच सांगितलेत. ज्यांनी पाठवणाऱ्याचा क्रमांक आपल्या फोनमध्ये साठवलेला आहे, त्यांनाच ब्रॉडकास्टचा संदेश मिळतो. बाकीच्यांना तो जात नाही आणि गेला नाही हे चटकन लक्षातही येत नाही. म्हणून आधी पालकसभेत प्रत्येकाकडून शाळेचा क्रमांक साठवून घ्यावा लागेल. साधा एसएमएस हा दुसरा मार्ग आहे, तो रिचार्ज संपला तरी सहसा येतो. मात्र घाऊक एसएमएससाठी दूरसंचार नियामक 'ट्राय'च्या नियमांप्रमाणे पाठवणाऱ्याचे नाव आणि मजकुराचा साचा आधी नोंदवावा लागतो, आणि देवनागरीत एका एसएमएसमध्ये १६० नव्हे, ७० अक्षरे मावतात, त्यात काने, मात्रा आणि वेलांट्याही वेगळ्या मोजल्या जातात. वीजबिलावरच्या सूचनेइतका आखूड मजकूर लिहिता येत असेल तरच त्या वाटेला जावे.

कायदेपंडित (सायंकाळी ५.०५)

मूळ मुद्दा बाजूला राहतो आहे. अनुदानित शाळेत शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समिती असावीच लागते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला हव्यात. शिवाय राज्याच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याप्रमाणे शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून तीस दिवसांत पालक-शिक्षक संघ स्थापन करून कार्यकारी समितीतील पालक सोडतीने निवडायचे असतात. ही माणसे आधीच उपलब्ध असताना मॅडम एकट्याच का धावत आहेत?

निवृत्त पर्यवेक्षक (सायंकाळी ५.३०)

समितीच्या सभेत ठराव होतो, चहा होतो आणि सूचक-अनुमोदकांची नावे इतिवृत्तात लागतात. सूचना जिथल्या तिथेच राहते.

आठवीची आई (रात्री ९.१५)

मी शिक्षिका नाही, त्यामुळे चुकत असेन तर सांगावे. मुलगी चौथीत होती तोपर्यंत मी तिला सोडायला आणि आणायला फाटकापर्यंत जात असे. उद्या रंगीत कपडे आहेत, परवा सहल आहे, अमक्या बाईंची बदली झाली, हे सारे मला तिथे उभ्या उभ्याच कळायचे. त्यासाठी ना ग्रुप लागत होता ना दैनंदिनी. सहावीपासून ती मैत्रिणींबरोबर सिटीलिंकच्या बसने जाऊ लागली आणि माझे फाटकावर जाणे थांबले. मी आता गेले तर तिलाच लाज वाटते. शाळेला मात्र वाटते की मूल मोठे झाले, आता तेच घरी सांगेल. या वयातले मूल सांगते, पण सकाळी बूट घालताना सांगते. गेल्या महिन्यात सात वाजून दहा मिनिटांनी मला कळले की त्याच दिवशी तिला विज्ञान प्रदर्शनासाठी थर्माकोल हवा होता.

म्हणून माझे मागणे एवढेच की, सूचना कोणत्या मार्गाने येते यापेक्षा ती ठरलेल्या वारी आणि पुरेसे दिवस आधी यावी. शुक्रवारी शाळेचा कागद येतो हे एकदा पक्के झाले की मी स्वतः तिचे दप्तर उघडून बघेन. रोज कधीही येणारे संदेश बघत बसणे मला जमत नाही.

पाळीवाला (रात्री ११.३५)

ताईंशी शंभर टक्के सहमत. शनिवार-रविवार मध्ये मिळाला तर कोणतीही पाळी असली तरी एकदा वाचून होते.

द्राक्षबाग (शनिवार, सकाळी ७.२०)

आमचा मुलगा दिंडोरीकडून नाशिकला शिकायला येतो. तारखा ठरवताना शाळेने इथले वेळापत्रकही पाहावे, एवढे सुचवतो. द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी सुरू असताना किंवा फेब्रुवारी-मार्चमध्ये माल काढणीला आलेला असताना दुपारी पालकसभा ठेवली, तर आमच्यापैकी कोणीही येऊ शकत नाही, आणि मग 'ग्रामीण पालक उदासीन' असा शेरा बसतो. एका वर्षी अंजनेरीची क्षेत्रभेट नेमकी तिसऱ्या श्रावणी सोमवारी ठेवली होती. ब्रह्मगिरीच्या फेरीसाठी त्र्यंबकचा रस्ता आदल्या रात्रीपासून भाविकांनी भरलेला असतो, हे नाशिकमध्ये वेगळे सांगावे लागू नये. शेवटी भेट रद्द झाली आणि तेही मुले डबे घेऊन फाटकावर उभी राहिल्यानंतर कळले. रंगपंचमीचेही तसेच, आपल्याकडे रहाडी, म्हणजे रंग खेळायचे जुने हौद, त्या दिवशी उघडतात, धुळवडीला नव्हे. २०२७ मध्ये तर २ आणि ३१ ऑगस्टला कुंभमेळ्याची अमृतस्नाने आहेत, त्यामुळे त्या वर्षीच्या पहिल्या सत्राचा आराखडा करताना हे सगळे आधी मांडून घ्यावे.

संगणकवाला (सकाळी ९.००)

याच तारखा कॅलेंडरमध्ये भरता येतात, एवढे नम्रपणे नोंदवतो.

गोदाकाठ (सकाळी ९.१०)

मुख्याध्यापकांच्या खोलीत अवश्य भरा. ज्या घरात एकच फोन आहे तिथे कागद द्या.

अतिवृष्टीच्या सुट्टीचे तेवढे वेगळे ठेवा. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश कधी कधी रात्री उशिरा निघतो आणि त्याआधी गेल्या वर्षीचेच पत्र तारीख झाकून फिरत असते. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पुराचे पाणी लागल्याचा फोटो आला की अर्धे शहर स्वतःच सुट्टी जाहीर करते. शाळेच्या एकाच क्रमांकावरून आलेला संदेश तेवढा खरा मानावा, असे पालकांना जूनमध्येच सांगून ठेवावे.

खडूफळा (रविवार, दुपारी १२.४०)

सर्वांचे आभार. आराखडा लिहून झाला आहे. दर शुक्रवारी शेवटच्या तासाला प्रत्येक मुलाच्या हाती अर्ध्या पानाचा कागद जाईल. त्यात पुढच्या तीन आठवड्यांतल्या तारखा असतील, आणि कागदपत्र लागणारी कोणतीही सूचना किमान एक महिना आधी आणि ते कुठे मिळते यासह येईल. सोमवारी वर्गशिक्षक कागदाचा सहीचा तळ फाडून घेतील. सही कोणाची आहे याची शहानिशा करणार नाही. ज्यांचा तळ आला नाही त्यांच्याच घरी फोन जाईल, आणि त्या फोनांचे काम व्यवस्थापन समितीतील पालकांनी वाटून घ्यावे असे सुचवले आहे. कायदेपंडितांचा मुद्दा मला तिथे पटला. ग्रुपवर फक्त ॲडमिन लिहू शकतील. आयांचे क्रमांक वेगळे घेऊन ब्रॉडकास्ट यादी करू, ती मात्र दिवाळीनंतर, कारण आधी शाळेचा क्रमांक साठवून घ्यायचा आहे.

पहिल्या कागदाचा मजकूर खाली देते. काही राहिले असल्यास आज रात्रीपर्यंत कळवावे.

'सातवीच्या पालकांस नमस्कार. पुढील महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सातवीच्या तिन्ही तुकड्यांची पांडवलेणी येथे इतिहासाची क्षेत्रभेट आहे. मुलांनी सकाळी ७ वाजता शाळेच्या फाटकावर यावे. दुपारी १ वाजता ती तिथेच परत येतील. गणवेश आणि बूट आवश्यक आहेत, कारण पायऱ्या चढायच्या आहेत. सोबत पाण्याची बाटली आणि वही द्यावी. बसभाडे शाळा देणार असल्याने पैसे पाठवू नयेत. मुलाला न पाठवायचे असल्यास खाली तसे लिहून सही करावी.'

आठवीची आई (दुपारी १.०५)

मजकूर छान झाला आहे. फक्त एक विचारते. एरवी मुलांना शाळेत पोषण आहार मिळतो. त्या दिवशी डबा द्यायचा की नाही?

खडूफळा (दुपारी १.०८)

द्यायचा आहे. लिहिते.